तालिका, विषयशीर्षके आणि गावकूस

दलित साहित्याच्या चळवळीने शब्दांवरून जेवढी भांडणे केली तेवढी मराठीतल्या दुसऱ्या कोणत्याही वाङ्मयीन प्रवाहाने केली नसतील. ‘दलित’ म्हणावे की ‘आंबेडकरी’, ‘बौद्ध साहित्य’ म्हणावे की ‘फुले-आंबेडकरवादी’, ‘आत्मचरित्र’ म्हणावे की ‘स्वकथन’, यावर परिसंवाद झाले, नियतकालिकांची पाने भरली, मित्र दुरावले. हे सर्व आवश्यकच होते. पण एका जागेकडे आपण फारसे पाहिले नाही, ती म्हणजे ग्रंथालयाची तालिका. पुस्तक छापून होते, त्यावर समीक्षा होते, पुरस्कार मिळतो किंवा नाकारला जातो आणि मग ते ग्रंथालयात जाते. तिथे कोणीतरी ते उलटसुलट चाळून त्याच्यावर एक वर्गांक आणि दोन-तीन विषयशीर्षके घालतो. पुस्तक कोणत्या कपाटात, कोणाच्या शेजारी उभे राहणार, हे त्या दोन मिनिटांत ठरते. लेखकाने आयुष्यभर जो शब्द नाकारला तोच शब्द त्याच्या पुस्तकाच्या कार्डावर टंकलिखित होऊन बसलेला असू शकतो.

कार्डांचे खण आता गेले. पण कार्डावरचा शब्द गेला नाही. तो संगणकात गेला आणि आता संगणकातून जगभर जोडला जात आहे. ग्रंथालयांच्या नोंदी ‘लिंक्ड डेटा’ म्हणून प्रसिद्ध करण्याचे जे काम गेली पंधरा-वीस वर्षे चालले आहे, त्याच्याकडे आपल्याकडचे प्राध्यापक आणि कार्यकर्ते ग्रंथपालांची तांत्रिक बाब म्हणून पाहतात. मला ती वाङ्मयीन आणि सामाजिक बाब वाटते, म्हणून हा लेख.

प्रथम ही भानगड काय आहे ते सांगितले पाहिजे. लिंक्ड डेटा म्हणजे प्रत्येक माहितीचे तीन पदांचे विधान करणे. ‘बलुतं’ – लेखक – दया पवार. ‘बलुतं’ – विषय – अमुक. या तिन्ही पदांना इंटरनेटवर कायमचा पत्ता द्यायचा, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही ग्रंथालयाला, विश्वकोशाला किंवा शोधयंत्राला त्याच पत्त्याकडे बोट दाखवता येते. टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये याची तत्त्वे मांडली. २००८ मध्ये स्वीडनच्या ग्रंथालयांची संयुक्त तालिका या स्वरूपात खुली झाली आणि २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपली विषयशीर्षके अशीच खुली केली. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रसिद्ध होतात त्या केवळ पुस्तकांच्या नोंदी नव्हेत; नोंद कशी करायची याचे नमुनेही प्रसिद्ध होतात. ‘कृती’ म्हणजे काय, ‘लेखक’ कोणाला म्हणायचे, एक विषय दुसऱ्या विषयाच्या ‘पोटात’ केव्हा येतो, या सर्वांना पत्ते मिळतात. म्हणजे यादीबरोबर यादीचे व्याकरणही बाहेर पडते. आणि व्याकरण ज्याचे त्याची प्रमाणभाषा, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

हे मी तेरखेड्यात बसून लिहितो आहे. धाराशिव जिल्ह्यातले, वाशी तालुक्यातले हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. ज्यांच्या घरची माणसे अशा कारखान्यांत रोजंदारी करतात ती मुले आमच्याकडे पदवीला येतात. त्यांच्यासाठी ग्रंथालय म्हणजे आधी मोबाइलवरचा शोध. त्यांनी काय टंकले म्हणजे काय सापडेल, हे कुठल्यातरी दूरच्या नमुन्याने अगोदर ठरवून ठेवलेले असते. ‘वॉशिंग्टनशी आपला काय संबंध’ हा प्रश्न म्हणूनच फोल आहे. आपल्याकडच्या महाविद्यालयांतली संगणक-प्रणाली कोणतीही असो, तिच्यातला वर्गांक बहुधा ड्युईचा असतो आणि इंग्रजी पुस्तकाची विषयशीर्षके पुष्कळदा तिकडून आयती उतरवलेली असतात.

या नमुन्यांचे गुण मी लपवणार नाही. १९९८ मध्ये ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने चार पायऱ्यांचा नमुना मांडला: कृती, तिचा आविष्कार, त्या आविष्काराचे छापील रूप आणि हातातली प्रत. बाबासाहेबांच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ला तो लावून पाहा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि कधीच न झालेले हे भाषण त्यांनी १९३६ मध्ये स्वखर्चाने छापले. १९३७ ला दुसरी आवृत्ती निघाली, तीत गांधींना दिलेले उत्तर जोडले गेले. १९४४ ला तिसरी. १९७९ मध्ये वसंत मून यांनी संपादिलेल्या शासकीय खंडांच्या पहिल्या खंडात ते आले. मराठीत ते एकापेक्षा अधिक वेळा, वेगवेगळ्या नावांनी आले. २०१४ मध्ये अरुंधती रॉय यांच्या दीर्घ प्रस्तावनेसह निघाले आणि त्यावर आपल्याकडे वादही झाला. जुन्या खणात ही सारी कार्डे दहा ठिकाणी विखुरलेली असत. नव्या नमुन्यात कृती एक, बाकी सारी तिची रूपे, आणि प्रस्तावना ही त्या कृतीचा भाग नाही, तिला शेजारून जोडलेली दुसऱ्या व्यक्तीची वेगळी कृती आहे, हे यंत्रालाही कळते. विद्यार्थ्याला मूळ ग्रंथ आणि त्यावरचे भाष्य यांतला भेद दिसावा, ही लहान गोष्ट नाही.

आता शब्दाकडे येऊ. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत आज ‘दलित्स’ हे अधिकृत शीर्षक आहे. ‘अनटचेबल्स’ आणि ‘हरिजन्स’ ही त्याची पर्यायी नावे म्हणून नोंदलेली आहेत. पूर्वी ‘अनटचेबल्स’ हेच अधिकृत होते. बदल झाला हे चांगलेच झाले, आणि कोणी ‘हरिजन’ शोधले तर त्याला ‘दलित’कडे पाठवले जाते, यातही सोय आहे. पण सोय आणि सत्य यांत फरक असतो. लिंक्ड डेटाच्या व्याकरणात या व्यवस्थेचा अर्थ असा होतो की संकल्पना एकच आहे. तिला एक पसंतीचे नाव आहे आणि बाकीची नावे त्याच वस्तूची दुसरी लेबले आहेत. मीठ आणि लवण, तशी. आपल्याकडच्या विषययाद्या तर ‘अनुसूचित जाती’ हेही त्याच पोत्यात भरतात.

हे चार शब्द एका वस्तूची चार नावे आहेत काय? ‘अस्पृश्य’ हा शब्द दुसऱ्याने लादलेल्या स्थितीचा आहे. ‘हरिजन’ हा गांधींनी रूढ केलेला, १९३३ पासून त्यांच्या साप्ताहिकाच्या नावावर असलेला शब्द. तो कायद्यात घालण्यास विरोध म्हणून जानेवारी १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या आमदारांनी मुंबई विधिमंडळातून सभात्याग केला. ‘अनुसूचित जाती’ ही १९३५ च्या कायद्यातून आलेली प्रशासकीय वर्गवारी आहे. तिची यादी असते, त्या यादीत माणूस असतो किंवा नसतो. धर्मांतरित बौद्ध केंद्राच्या यादीत १९९० पर्यंत नव्हता. म्हणजे १९५६ ते १९९० या चौतीस वर्षांत एकच माणूस दलित होता, अस्पृश्यता भोगत होता, आणि केंद्राच्या लेखी अनुसूचित जातीचा नव्हता. आणि ‘दलित’? १९७३ च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्याने त्यात अनुसूचित जातींबरोबर जमाती, नवबौद्ध, श्रमिक, भूमिहीन आणि स्त्रियाही घेतल्या. ती जातींची यादी नव्हती, ती एक राजकीय हाक होती. २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना हा शब्द टाळण्याचा सल्ला दिला, तो काही लेबल जुने झाले म्हणून दिला नाही.

एवढा संघर्ष ‘पर्यायी नाव’ या एका पदात मिटवला जातो. छापील तालिकेत ही चूक एका खणापुरती होती. लिंक्ड डेटात ती नियम होते, कारण यंत्र त्यावरून अनुमान काढते. अ म्हणजेच ब असेल तर अ विषयी जे खरे ते ब विषयीही खरे. या तर्काला १९३८ चा सभात्याग ठाऊक नसतो.

गंमत अशी की या व्याकरणात दुसरी वाटही आहे. दोन संकल्पना ‘तंतोतंत त्याच’ आहेत असे म्हणता येते, ‘जवळपास त्याच’ आहेत असे म्हणता येते, किंवा नुसत्या ‘संबंधित’ आहेत असेही म्हणता येते. चार शब्दांना चार पत्ते द्यावेत, त्यांच्यात ‘संबंधित’ एवढेच नाते ठेवावे, प्रत्येकाला कालखंड द्यावा, आणि हे नाव कोणी दिले हे लिहावे. तंत्र त्याला आडकाठी करत नाही. आळस तंत्राचा नसून ज्यांच्या हाती यादी आहे त्यांच्या दृष्टीचा आहे.

वर्गांकाची गोष्ट याहून कळीची, कारण तिथे आपल्या साहित्याचे साहित्यपणच पणाला लागते. ड्युईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ वर येते. समाजगटांचा विभाग ३०५ वर. त्यात ३०५.५६८ हा समाजातून तुटलेल्या, बहिष्कृत वर्गांचा, आणि त्याच्या पोटात ३०५.५६८८ हा दलितांचा. आता ‘बलुतं’ कुठे ठेवायचे? ‘उपरा’ कुठे, ‘अक्करमाशी’ कुठे, ‘जिणं आमुचं’ कुठे? आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ही पुस्तके मला समाजशास्त्राच्या कपाटात सापडली, पाहणी-अहवालांच्या आणि आरक्षणावरच्या गाइडांच्या मध्ये. मराठीचा विद्यार्थी साहित्याच्या कपाटापाशी उभा राहिला तर त्याला ती भेटणारच नाहीत.

कोणी म्हणेल, नियम तसा आहे, आत्मचरित्र त्या त्या विषयाखाली जाते. पण नियम अर्धाच सांगितला जातो. साहित्यिकाचे आत्मचरित्र साहित्यात जाते, हा त्याचा दुसरा अर्धा भाग. दया पवार यांचा ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह १९७४ चा, ‘बलुतं’ १९७८ चे. म्हणजे ड्युईच्याच नियमाने ते कवीचे आत्मकथन ठरते. मग ते ३०५ मध्ये गेले कसे? कारण नोंद करणाऱ्याने लेखकाला कवी म्हणून पाहण्याआधी त्याच्या जातीचा नमुना म्हणून पाहिले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ब्राह्मण समाजगटाच्या किंवा धर्मांतरितांच्या समाजशास्त्राखाली ठेवलेली मला तरी कुठे आढळली नाहीत, आणि तशी ठेवूही नयेत. ‘हे साहित्य की सामाजिक दस्तऐवज’ हा प्रश्न १९८० च्या आसपास प्रस्थापित समीक्षेने विचारला तेव्हा आपण लेख लिहून उत्तरे दिली. ग्रंथालयाने तो प्रश्न विचारलाच नाही. त्याने मुकाट्याने निकाल देऊन टाकला.

विषयशीर्षकातही हाच न्याय. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला ‘मराठी कविता’बरोबर ‘दलित’ हे शीर्षक लागते. सवर्ण कवीच्या संग्रहाला त्याच्या जातीचे शीर्षक लागत नाही. त्याची कविता म्हणजे कविता, आमची कविता म्हणजे दलित कविता. शीर्षक काढून टाका असे माझे म्हणणे नाही. ते काढले तर ‘दलित कविता’ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला काहीच सापडणार नाही. पण ज्याला नाव द्यावे लागत नाही तोच प्रमाण मानला जातो, एवढे तालिका पाहताना लक्षात ठेवावे.

‘उचल्या’ची कथा अजून बिकट आहे. लक्ष्मण गायकवाडांच्या या आत्मकथनाचे (१९८७) नावच मुळी दुसऱ्याने दिलेल्या शीर्षकावर घेतलेले आहे. १८७१ च्या कायद्याने माणसांच्या जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदल्या, त्यांची रजिस्टरे ठेवली. ते रजिस्टरही एक तालिकाच होती, आणि तिच्यात घातलेले नाव १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावरही पोलीस ठाण्याच्या स्मृतीतून गेले नाही.

हा रोग केवळ आपल्या वाट्याला आलेला नाही. पँथरने ज्यांच्याकडून नाव घेतले त्या अमेरिकेतल्या काळ्यांनी ही लढाई ग्रंथालयात शिरून लढली. हॉवर्ड विद्यापीठाच्या ग्रंथपाल डोरोथी पोर्टर यांना दिसले की ड्युईच्या पद्धतीत काळ्या लेखकांची पुस्तके, मग ती कविता का असेना, ३२५ आणि ३२६ या वसाहत आणि गुलामगिरीच्या क्रमांकांवर टाकली जातात. त्यांनी ती व्यवस्था झुगारली आणि कवी कवींच्या रांगेत बसवला. १९७१ मध्ये सॅनफर्ड बर्मन या ग्रंथपालाने लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या शीर्षकांतला वर्णद्वेष एकेक शीर्षक घेऊन उघडा करणारे पुस्तक लिहिले. २०१४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘बेकायदा परके’ या अर्थाच्या शीर्षकाविरुद्ध मागणी केली, ती पुरी व्हायला २०२१ उजाडले. खुद्द ड्युई महाशय लेक प्लॅसिड येथे जो क्लब चालवीत त्यात ज्यूंना प्रवेश नव्हता. १९०५ मध्ये त्याबद्दल त्यांना ठपका बसला, आणि अमेरिकेच्या ग्रंथालय संघटनेने पदकावरून त्यांचे नाव काढले ते २०१९ मध्ये. ज्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १८८७ मध्ये ग्रंथपालांची पहिली शाळा काढली, तिथेच पुढे १९१३ साली बाबासाहेब शिकायला गेले.

आपल्या रंगनाथनांविषयीही दोन शब्द. १९३३ ची त्यांची कोलन पद्धती ड्युईपेक्षा लवचीक आहे, आणि एका विषयाचे पैलू सुटे करून जोडण्याची त्यांची कल्पना आजच्या लिंक्ड डेटाला जवळची आहे. पण धर्माच्या वर्गात पहिला क्रमांक वैदिक धर्माचा, दुसरा उत्तरवैदिक हिंदू धर्माचा, आणि मग तिसरा जैन, चौथा बौद्ध. भारतीय माणसाने पद्धत रचली म्हणून तिच्यात उतरंड नसेल असे समजण्याचे कारण नाही.

ज्याची नोंदच नाही त्याचे काय, हा प्रश्न मला सर्वांत अधिक छळतो. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हे थोर काम आहे. १८०० ते १९५० पर्यंतची मराठी पुस्तके तिच्या दोन भागांत नोंदली गेली. पण ती ग्रंथांची सूची. मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. तो ग्रंथ नव्हता. नियतकालिकाच्या नावाची नोंद होते, त्यातल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या निबंधाची होत नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, आणि त्या प्रतींवरून १९५८ पासून राष्ट्रीय ग्रंथसूची निघू लागली, तीही रोमन लिपीत. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर दहा-वीस रुपयांना विकली जाणारी पुस्तिका, गीतांच्या चोपड्या, स्मरणिका कोलकात्याला कोण पाठवतो? वामनदादा कर्डकांची गाणी गावोगावच्या गायकांच्या तोंडी आहेत, कडवी बदलतात, चाली बदलतात. वर सांगितलेला चार पायऱ्यांचा नमुना गाण्याला नाकारत नाही. आविष्कार मौखिक असू शकतो असे तो मान्य करतो. पण नोंद करणारा हात नेहमी हातातल्या छापील प्रतीपासून सुरुवात करतो. जे छापले गेले नाही त्याच्यापर्यंत तो पोचत नाही.

नावाची आणखी एक बाजू मराठवाड्याच्या माणसाने सांगितलीच पाहिजे. २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले. लिंक्ड डेटात याला फारसे कष्ट नाहीत. पत्ता तोच राहतो, लेबल बदलते, जुने नाव पर्यायी म्हणून उरते. विद्यापीठाचेही तसेच होईल: ‘मराठवाडा विद्यापीठ’ हे पूर्वीचे नाव, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे १४ जानेवारी १९९४ पासूनचे. दोघांच्या मध्ये ‘पूर्वीचे नाव’ असे एक तीन पदांचे विधान. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला त्या दिवसापासून पुढची साडेपंधरा वर्षे, जळालेल्या वस्त्या, पोचीराम कांबळे, लाँग मार्च, यांतले काहीच त्या विधानात मावत नाही. तालिकेने इतिहास लिहावा अशी अपेक्षा नाही. परंतु त्या नोंदीला नामांतराच्या आंदोलनाची स्वतंत्र संकल्पना जोडलेली असली पाहिजे, म्हणजे विद्यापीठाचे नाव शोधणारा तिच्यापर्यंत पोचेल. ही जोडणी वॉशिंग्टन करणार नाही.

उत्साहाच्या भरात एक धोका विसरू नये. काही नमुन्यांत लेखकाचा समाजगट नोंदण्याची सोय आहे. अभ्यासकाला ती मोहक वाटेल: सर्व दलित लेखिका एका शोधात! पण ‘अमुक व्यक्ती – जात – अमुक’ हे विधान एकदा खुल्या डेटात गेले की ते कोणीही, कोणत्याही हेतूने गोळा करू शकतो. शहरात भाड्याचे घर मिळावे म्हणून आडनाव बदलून राहणारी माणसे आपल्यातच आहेत. ज्याने स्वतः आपल्या लेखनात जाहीर केले आहे तेवढेच, आणि त्याच पुस्तकाचा हवाला देऊन नोंदावे. हयात माणसाची जात अंदाजाने, आडनावावरून लिहिणारी तालिका आणि गावचा तलाठी यांत मला फरक दिसत नाही.

मग करायचे काय? न्यूझीलंडच्या माओरींनी ग्रंथालयांबरोबर बसून आपल्या भाषेत, आपल्या विश्वकल्पनेप्रमाणे विषयशीर्षकांची यादी केली. कॅनडात ब्रायन डीअर या मोहॉक ग्रंथपालाने १९७० च्या दशकात आदिवासींसाठी स्वतंत्र वर्गीकरण रचले. आपल्याला यासाठी मोठी संस्था लागत नाही. विषययादी कोणालाही प्रसिद्ध करता येते, हीच लिंक्ड डेटातली खरी लोकशाही आहे. एक सावधगिरी मात्र हवी: पत्ता आपल्या मालकीच्या जागेवर हवा. ड्युईचे क्रमांक एका संस्थेच्या मालकीचे आहेत. तिने २००९ मध्ये त्यांचे खुले पत्ते सुरू केले आणि काही वर्षांनी ते बंद करून टाकले. त्यावर ज्यांनी आपली जोडणी केली होती त्यांचे दोर हवेत लोंबकळत राहिले.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयातील एक मराठीचा शिक्षक, एक ग्रंथपाल आणि चार विद्यार्थी यांनी येत्या सहा डिसेंबरला दादरला जाऊन पुस्तिका विकत घ्याव्यात आणि त्यांची नोंद करावी. यादीत ‘जलसा’ला स्वतंत्र जागा असावी, त्याला ‘तमाशा’च्या पोटात घालू नये. ‘स्वकथन’ साहित्यात असावे, समाजगटात नव्हे. ‘आंबेडकरी साहित्य’, ‘बौद्ध साहित्य’ आणि ‘दलित साहित्य’ यांना वेगळे पत्ते असावेत आणि त्यांच्यातला वाद मिटलेला नाही हे नोंदीतच दिसावे. नोंदीला पाच रकाने पुरतील: नाव, कर्ता, जागा, साल आणि विषय. विषयाच्या रकान्याला एक पोटरकाना हवा, त्यात हे शीर्षक कोणी दिले आणि केव्हा दिले, ते लिहावे.